शाबासकीचा हात

रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीवर पानं साचलेली दिसली की माझा पाय आपोआप तिकडे जातो. परवा हॅमिल्टनमध्ये, रोटोटुनाला आमच्या घरासमोर असंच झालं. पाऊस धो धो, दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्या, आणि मी चपलेने जाळीवरची पानं बाजूला सारत उभी. माझा नवरा दिलीप दारातून म्हणाला, "झाली सुरू भालेराव बाईंची शाळा." पाणी गुळगुळ करत खाली गेलं तेव्हाच मी घरात आले.

ही सवय माझी नाही, सुजाताताई भालेरावांची.

ऑकलंडमध्ये सँडरिंगहॅमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि घरामागच्या अंगणात एक सुटी खोली. इकडे तिला स्लीपआउट म्हणतात. दिलीप वेल्डर म्हणून न्यूझीलंडला आला, त्याच्या मागून मी आले, आणि आमचा पहिला संसार त्या खोलीत मांडला गेला. मी तासगावकडची. नववीत असताना आईचा दमा वाढला, घरात कुणीतरी हवं होतं, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. इथे आल्यावर मला सगळ्याचीच धास्ती. फोन वाजला की धास्ती, पोस्टाचं पाकीट आलं की धास्ती, बसच्या ड्रायव्हरने हसून काही विचारलं तरी धास्ती. मेन रोडवरच्या मिठाईच्या दुकानात मागच्या बाजूला काम मिळालं तेव्हा जरा जीव थाऱ्यावर आला, कारण कढईला इंग्रजी लागत नाही.

सुजाताताई तेव्हा इंजिनियर होत्या. शहरात पडलेला पाऊस कुठून कुठे न्यायचा, पाइप किती जाडीचा, उतार किती, हे ठरवायचं काम. "मी गटारवाली बाई," असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि समोरचा बावचळला की खूश व्हायच्या. बुटक्याशा, केस बॉबकट, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. साइटवरचा केशरी रेनकोट त्या लग्नाच्या रिसेप्शनलाही घालून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पर्समध्ये मोजायची टेप. चहा स्टीलच्या पेल्यातूनच प्यायच्या, ऑफिसातसुद्धा त्यांचा एक पेला होता. आणि पावसात गाडी चालवताना कुठे पाणी तुंबलेलं दिसलं की इंडिकेटर देऊन थांबायच्या, डिकीतून हातमोजे काढायच्या आणि खाली उतरून जाळी साफ करायच्या. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाला त्या कौन्सिलच्या कामगार वाटायच्या. तो त्यांना आपल्या फुटपाथच्या तक्रारी सांगायचा. त्या मन लावून ऐकायच्या.

त्यांचं एक वाक्य होतं. काहीही बिघडलं, मशीन असो की माणूस, त्या म्हणायच्या, "पाण्याला काहून बोलायचं? उतार बघू." मूळच्या नागपूरच्या. एरवी बोलणं पुण्यामुंबईसारखं, पण जीव गुंतला की 'काहून' बाहेर पडायचं.

हॉलमध्ये बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि शेजारी त्यांच्या वडिलांचा फोटो. वडील कापडाच्या गिरणीत होते. तोंडाने त्यांनी मुलीचं कौतुक कधी केलं नाही, पण निकाल दाखवायला गेली की डोक्यावर हात ठेवायचे. "जड हात होता बाबांचा," ताई सांगायच्या. "मान खाली जायची. पण त्या हातासाठी मी इंजिनियर झाले गं."

ऑफिसने त्यांना एकदा एका शाळेत पाठवलं. पाइपची माहिती मुलांना द्यायची, एवढंच. संध्याकाळी त्या स्वतःच्या घरात न जाता थेट माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"लता, चहा टाक. एका पोरीने मला विचारलं, पाण्याला कसं कळतं खाली कुठे आहे ते?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काही सांगताच आलं नाही. इतकी वर्षं पाणी खाली नेतेय, आणि हे मला कुणी विचारलंच नव्हतं." पेला हातात तसाच राहिला. "मी आता काय करू, सांग बरं."

मी काय सांगणार. पण त्यांनी ठरवलेलंच होतं. इथे एक वाट आहे. डिग्री आणि दुसऱ्या कामाचा अनुभव असला तर शाळेतच नोकरीला लागायचं, शिकवता शिकवता शिक्षक व्हायचं. एक जुने शिक्षक वर्गात मागे बसून बघतात, अभ्यास रात्री आणि सुट्टीत, आणि शेवटी शाळेने आणि त्या शिक्षकांनी "ही शिकवू शकते" असं लिहून दिलं तरच कायमचं शिक्षक होता येतं. नाहीतर नाही. जुनी नोकरी मात्र आधीच सोडावी लागते.

त्यांचे मिस्टर, प्रशांतदादा, आयटीवाले, शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "पाइप उलटून बोलत नाहीत, सुजाता. विचार कर." गणपतीच्या कार्यक्रमात पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे डिमोशनच की." ताई म्हणाल्या, "पाण्याला वाट करून दिली, पाणी काही थँक यू म्हणालं नाही." गृहस्थ म्हणाले, "पोरं तरी म्हणणारेत का?" ताई हसल्या. "बघू ना. उतार तर बघू."

त्यांच्या वर्गातला पहिला दिवस मला तोंडपाठ आहे, कारण त्यांनी तो मला चारदा सांगितला. त्या आत गेल्या आणि मुलं उभी राहायची वाट बघत थांबल्या. कुणी उभं राहिलं नाही. एकजण चिप्स खात होता. त्याने काळजीने विचारलं, "यू ऑल राइट, मिस?" आणि ताई सवयीने म्हणाल्या, "सिट डाउन." सगळे बसलेलेच होते. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. दुसऱ्या दिवशी ताई आत गेल्या तर अख्खा वर्ग टुणकन उभा. थट्टाच ती. ताईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पोरांच्याच भाषेत म्हणाल्या, "हीप्स बेटर," म्हणजे कालच्यापेक्षा खूपच बरं. त्या वर्गाने वर्षभर ती थट्टा चालू ठेवली. शेवटी शेवटी ती थट्टा आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसावं.

शाळेत बाई-शिक्षकांना मुलं 'फाया' म्हणायची. माओरी शब्द. ताईंनी मला समजावलं, "फाया म्हणजे आई, मावशी, असंच." मला गंमत वाटली. आमच्या शाळेत मावशी म्हणजे घंटा देणारी, माठ भरणारी, आणि बाई म्हणजे जिच्यासमोर चळचळ कापायचं ती. इथे दोघी एकच.

उद्याचा तास त्या आदल्या संध्याकाळी माझ्यावर घ्यायच्या. "तू नववीतून उठलीस ना? मग तू माझी दहावीची पोरगी." त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर मार्करने त्या अपूर्णांक लिहायच्या, मी पोळ्या लाटत बघायची. मध्येच थांबून विचारायच्या, "समजलं?" मी म्हणायची, "हो." आठवडाभर असं छान चाललं. मग एकदा त्यांनी मार्कर माझ्या हातात दिला. "कर." मी फ्रिजसमोर उभी. हाताला पीठ, डोक्यात काही नाही.

"समजलं नव्हतं?"

"नाही."

"मग हो काहून म्हणायचीस?"

"तुम्ही थांबला होता म्हणून."

त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं चिडल्या, आता खोली सोडा म्हणणार, इथपर्यंत माझं मन धावलं. मग म्हणाल्या, "मी दिवसभर हेच विचारते गं. सगळे हो म्हणतात." त्या दिवसापासून 'समजलं का' हा प्रश्न त्यांनी टाकून दिला. मुलाच्या हातात खडू द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. माझ्याही हातात मार्कर द्यायच्या. ज्या दिवशी मला पहिल्यांदा दोन वेगळ्या छेदांची बेरीज जमली, त्या उठल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास." खरोखर जड हात होता. गावाहून निघताना आईने ठेवला होता, त्यानंतर माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. मी पोळपाटाकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे त्यांना दिसू नये.

हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे जे झालं ते त्याच हाताने झालं.

त्यांच्या वर्गात मेरेआना नावाची मुलगी होती. माओरी, तेरा वर्षांची, आजीजवळ राहणारी. हुडी डोक्यावर ओढून मागे बसायची. तास संपेपर्यंत एक शब्द नाही. बाकीचे शिक्षक म्हणायचे, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ताई मला म्हणायच्या, "पाणी तर आहे, लता. कुठेतरी अडलंय."

शाळेच्या नेटबॉलच्या मैदानावर एका कोपऱ्यात कायम पाणी साचायचं. ताईंनी एका पावसाळी दिवशी वर्गच बाहेर काढला. दोऱ्या दिल्या, टेप दिली, बादल्या दिल्या. हे पाणी जाळीकडे का जात नाही, शोधा. मुलं जाळीतच हात घालून बसली, सगळ्यांना खात्री की जाळी तुंबली आहे. मेरेआना एकटी बाजूला दोरी ताणून काहीतरी मोजत होती. मग येऊन म्हणाली, "जाळी ठीक आहे, फाया. नवी पायवाट केली तेव्हा इथली जमीन उचलली गेली. उतार उलटा झालाय. पाणी जाळीपासून लांब पळतंय." आणि किती मीटरला किती, तेही तिने काढलं होतं. बरोबर होतं.

ताईंना काय झालं असेल ते मला न बघता दिसतं. त्या चिखलातून तिच्याकडे गेल्या, "शाब्बास गं माझी बाय," असं मराठीतच म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मुलगी ताठ झाली. मेरेआनाने दोरी खाली टाकली, गेटमधून बाहेर गेली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

माओरी लोकांत डोकं हा सगळ्यात पवित्र भाग. परक्या माणसाने त्याला हात लावायचा नसतो, तोही मळका, वर्गासमोर, मालकासारखा. देवाच्या मूर्तीला कुणीही येऊन पारोशा हाताने शिवावं, तसंच काहीसं. मी ताईंना म्हटलं, "तुम्हाला काय माहीत असणार?"

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "कोर्समध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलंय. मीच इतरांना सांगितलंय. मला माहीत होतं गं, हाताला नव्हतं."

आजीने शाळेला कळवलं की तिला या बाईला भेटायचं आहे. मुख्याध्यापिकेने ताईंना सरळ सांगितलं: घरच्यांचा विश्वास गेला असेल तर तुमच्याबद्दल 'ही शिकवू शकते' असं आम्हाला लिहून देता येणार नाही. वर्ष संपत आलं होतं. जुन्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर केव्हाच दुसरं कुणी बसलं होतं. त्या संध्याकाळी ताईंनी चहा घेतला नाही. पेला धुऊन पालथा घातला.

त्यांच्या वर्गात मागे बसणारे शिक्षक म्हणजे राविरी सर. तेही माओरी. मुलं त्यांना 'मातुआ' म्हणायची, आपल्या काकांसारखं. त्यांनी ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, एकटी येऊ नकोस. आमच्यात अशा वेळी माणूस आपली माणसं घेऊन येतो. आणि दोन, आधी समजावून सांगायला लागू नकोस. ऐक.

प्रशांतदादा वडिलांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते. त्यांची मुलगी ड्युनेडिनला शिकायला. ताई दुकानाच्या मागच्या दाराशी आल्या, केशरी रेनकोट घालून.

"लता, माझी माणसं न्यायची आहेत. येशील?"

"ताई, मला इंग्रजी..."

"बोलायचं नाहीये. बसायचंय."

मी नववीनंतर शाळेच्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. हात रिकामे नसावेत म्हणून दुकानातून चकल्यांचा डबा घेतला. त्या खोलीच्या दाराशी सगळ्यांनी चपला-बूट काढले होते. ते बघून मला जरा बरं वाटलं, तेवढं तरी मला येत होतं. आत गेल्यावर डबा कुठे ठेवायचा कळेना, टेबलाबद्दलही यांचे काही नियम असतील, म्हणून तो शेवटपर्यंत मांडीवर धरून बसले.

समोर आजी. भारदस्त बाई, जांभळा स्वेटर, गळ्यात हिरव्या दगडाचं पदक, हातात काठी. शेजारी मेरेआना, हुडी डोळ्यांपर्यंत. कडेला मुख्याध्यापिका आणि राविरी सर. तिथे जे बोललं गेलं त्यातलं काही मला तिथेच कळलं, काही ताईंनी नंतर गाडीत सांगितलं.

आजी आधी माओरीत बोलली. बराच वेळ. आवाज चढवला नाही. मग इंग्रजीत एवढंच म्हणाली, "तू कोण आहेस?"

असं विचारलं की इथे आपला डोंगर सांगायचा, नदी सांगायची, मग माणसं, सगळ्यात शेवटी नाव. ताईंनी कोर्ससाठी ते पाठ केलं होतं, आणि तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली होती. "नागपूरला डोंगर कुठून आणू? रामटेकचा गड चालेल का? टेकडीच आहे ती." मी म्हटलं होतं, "मोठा डोंगर सांगून द्या की, कोण बघायला जातंय." तर त्या माझ्यावर रागावल्या होत्या.

आता त्या उभ्या राहिल्या. रामटेक म्हणाल्या. नदी म्हणून नाग नदी म्हणाल्या. आणि पाठ केलेलं सोडून मध्येच थांबल्या. "माझी नदी आता नाला झाली आहे," त्यांनी इंग्रजीत सांगितलं. "मी आयुष्यभर पाण्याचं काम केलं. पण तिच्यासाठी काही केलेलं नाही. तरी माझी नदी तीच." मग वडिलांचं नाव. मग माझ्याकडे हात करून, "ही लता. ही माझी माणसं." मग स्वतःचं नाव, आणि माफी. एका वाक्यात. पुढे 'पण' नाही.

मला त्यांची सवय माहीत. काहीही झालं तरी आकृती काढून समजावणारी बाई. त्या दिवशी त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि उभ्या राहिल्या. मला तर रडूच येत होतं, पण डबा होता.

आजी म्हणाली, "आमच्याही नदीत आता पोरांना पोहता येत नाही." आणि मग, "हात का ठेवलास?"

"आमच्याकडे मूल चांगलं काही करतं तेव्हा मोठी माणसं डोक्यावर हात ठेवतात. माझे वडील ठेवायचे."

"म्हणजे तू तिला काहीतरी देत होतीस."

"हो."

"ते तिला हवंय का, हे विचारलं नाहीस."

"नाही. विचारलं नाही."

आजीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं आता ती उठणार आणि संपलं सगळं. पण ती म्हणाली, "तिने काय चांगलं केलं होतं?"

ताईंना प्रश्न कळला नसावा.

"तू म्हणालीस ना, चांगलं काही केलं की. या पोरीने काय केलं? मला कुणी सांगितलंच नाही."

ताईंनी राविरी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "सांगा."

आणि मग माझ्या ताई आल्या त्या खोलीत. पर्समधून टेप काढली. गालिच्यावर गुडघे टेकून बसल्या. इथे जाळी, इथे पायवाट, सगळी पोरं इकडे, ही एकटी तिकडे. टेपचं एक टोक त्यांनी आजीच्या काठीजवळ धरलं, म्हणाल्या, धरा जरा. आजीने काठीने ते दाबून धरलं. "ऑफिसात नवे इंजिनियर यायचे, ते आधी जाळीच उघडायचे. मीसुद्धा आधी जाळीच बघितली होती. हिने जमीन बघितली. कुणी न सांगता. हे शिकवून येत नाही हो." हात इतके हलत होते की चष्मा गळ्यात झोके घेत होता.

आजी बराच वेळ टेपकडे बघत होती. "या शाळेचा फोन आला की मी आधी बसून घेते," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत चांगलं सांगायला एकदाही आला नाही." मुख्याध्यापिकेने मान खाली घातली. आजी मेरेआनाकडे वळली. "खरं आहे हे?"

मेरेआनाने हुडी मागे केली. "पायवाट उंच आहे, नॅन," ती आजीला म्हणाली. "कुणालाही दिसलं असतं."

"मला नव्हतं दिसलं," ताई म्हणाल्या.

आजी काठी टेकत उठली. ताईंसमोर आली, दोन्ही हातांनी त्यांचे दंड धरले, आणि आपलं कपाळ आणि नाक ताईंच्या कपाळाला आणि नाकाला टेकवलं. यांची भेटायची रीत ती, होंगी म्हणतात. ताईंना त्यासाठी टाचा उंच कराव्या लागल्या. ज्या डोक्याला हात लावायचा नाही ते माणूस स्वतःहून पुढे आणतं, तेव्हा ते असं आणतं. मग आजी माझ्याकडे आली. मी भीतीने डोळे मिटले आणि माझं नाक तिच्या गालावर आपटलं. ती हसली. "डब्यात काय आहे, डिअर?"

चकल्या सगळ्या संपल्या. राविरी सरांनी कागदात बांधूनही नेल्या.

आजीची एक अट होती. मुलीला हे सगळं वर्गासमोर सांगायचं, तोंडाने. हात मागे ठेवून. ताईंनी ते सोमवारी केलं, आणि तेव्हापासून वर्गात हात मागे बांधायची त्यांना सवयच लागली.

वर्ष संपताना राविरी सरांनी आणि शाळेने लिहून दिलं. ताई दुकानाच्या मागच्या दाराने आत आल्या. मी बुंदी पाडत होते.

"झालं," त्या म्हणाल्या.

मी झारा सोडून पाया पडायला वाकले.

"वाकू नको. कढई बघ."

कढई बघितली, पण त्या दिवशी काउंटरवर जाऊन मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, आमच्या ताई मास्तरीण झाल्या. पंजाबी, फिजीवाले, गोरे, कुणालाही. इंग्रजीत सांगितलं. चुकलं असेल. मला एकदाही धास्ती वाटली नाही, हे मला घरी आल्यावर आठवलं.

पुढच्या वर्षी दिलीपला हॅमिल्टनला काम मिळालं. निघायच्या दिवशी खोलीची किल्ली द्यायची होती आणि ताई शाळेत. मी एकटी बसने गेले. शाळेच्या ऑफिसात किल्ली दिली, तर तिथली बाई म्हणाली, जा की, वर्ग समोरच आहे. मी गेले, पण आत गेले नाही. काचेतून बघत उभी राहिले.

तास संपत आला होता. फळ्याशी एक लहानखुरा मुलगा काहीतरी मांडून दाखवत होता आणि ताई दाराजवळ माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. हात मागे बांधलेले, उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं. त्या मुलाला बहुतेक उत्तर बरोबर आलं, कारण उजवा हात सुटायला बघत होता. बोटं उघडत होती, मिटत होती. डाव्याने सोडलं नाही.

घंटा झाली. ताई त्या मुलाशीच बोलत राहिल्या, तशाच उभ्या, आणि मागे धरलेला तो तळवा तेवढा उघडा राहिला. मुलं दप्तरं घेऊन त्यांच्या पाठीमागून बाहेर पडू लागली, आणि जाता जाता एकेक जण त्या तळव्यावर टाळी देऊन गेला. रोजचं असावं, कुणी हसत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. थप्, थप्. काचेपलीकडून मला ऐकू येत होतं.

मेरेआना शेवटी आली. हुडी खांद्यावर. तिने टाळी दिली नाही. आपला हात त्या तळव्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मैत्रिणींच्या मागे पळाली.

ताईंनी वळून पाहिलं नाही. समोरच्या मुलाला त्या काहीतरी समजावत होत्या. मागे बोटं मात्र हळूच मिटली.